दुतोंड्या मारुतीचा हा फोटो कोणत्या पुराचा?

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिककरांच्या मोबाइलवर गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचा फोटो हमखास येतो. पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की गळ्याला, यावरून पुराचा अंदाज बांधायची इथली जुनी रीत. फोटो बहुतेकदा खरा असतो. खोटी असते ती त्याखालची ‘आत्ताची परिस्थिती’ ही ओळ. २००८, २०१६, २०१९ या तिन्ही वर्षी गोदावरीला मोठे पूर आले, त्यामुळे जुन्या फोटोंना तोटा नाही.

असा फोटो पकडायची एक युक्ती अगदी साधी आहे. संगणक फोटोतले रंग काढून टाकतो आणि त्याला ८ बाय ८, म्हणजे ६४ चौकोनांइतका लहान करतो. चौकोन सरासरीपेक्षा उजळ असेल तर १, नाहीतर ०. तयार झाली ६४ अंकांची खूण. फॉरवर्ड होऊन फोटो धुरकट झाला, रंग थोडे बदलले, तरी यातले मोजकेच अंक बदलतात. फोटो कापला किंवा उलटा केला, तर मात्र ही खूण फसते. तिथे घाटाच्या पायऱ्या, देवळांचे कळस अशी वैशिष्ट्यं ओळखायला शिकवलेली कृत्रिम बुद्धिमत्ता कामी येते.

पण ताडून पाहायला तारखेसकट जपलेला मूळ फोटो हवा ना! तो शोधायची जागा म्हणजे ग्रंथालय. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे. अशा जुन्या संस्थांनी वर्तमानपत्रांच्या फायली स्कॅन करून प्रत्येक छायाचित्राची तारीख आणि ठिकाण नोंदवलं, तर शहराला स्वतःचा पडताळणी-संग्रह मिळेल. माझ्या मते पैसा आधी इथे खर्च करावा, प्रश्नांना उत्तरं देणारा चॅटबॉट नंतर.

कारण चॅटबॉट पुढचा संभाव्य शब्द जुळवत वाक्य रचतो. आधाराला नोंदी नसतील तर चुकीची तारीखही तितक्याच ठामपणे सांगतो. मजकूर यंत्राने लिहिला की माणसाने, हे ओळखणाऱ्या साधनांवरही फार विसंबू नये. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःचं असं साधन जुलै २०२३मध्ये मागे घेतलं. कंपनीच्याच चाचणीत यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के मजकूर त्याला ‘बहुधा यंत्राचा’ म्हणून ओळखता आला होता, आणि माणसांचं ९ टक्के लेखन त्याने यंत्राच्या नावावर टाकलं होतं.

फॉरवर्ड झालेले संदेश जुन्या अफवांशी जुळवतानाही सावध राहावं लागतं. यंत्र वाक्याचं आकड्यांच्या मालिकेत रूपांतर करून अर्थाची जवळीक मोजतं. ‘विसर्ग सुरू’ आणि ‘विसर्ग बंद’ ही वाक्यं त्याला पुष्कळदा शेजारी-शेजारी वाटतात! शेवटचा निर्णय ग्रंथपालाचाच हवा.

वाचकांना काय शिकवायचं? स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी इतिहासतज्ज्ञ, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-पडताळणी करणारे यांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली. पहिले दोन गट तेच पान बारकाईने वाचत बसले आणि अनेकदा फसले. तिसऱ्या गटाने पान लगेच सोडलं आणि या संस्थेबद्दल इतर कोण काय म्हणतं ते शोधलं. ही सवय वाचनालयाच्या सभागृहात तासाभरात दाखवता येते. मुरायला अर्थात वेळ लागतो.

हे सगळं पावसाळ्याआधीच व्हायला हवं, अफवा काही वाचनालयाच्या वेळा पाळत नाहीत. १ जुलै २०१८ रोजी शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाडा इथे मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली.