हात जुळण्याआधी भुवया बोलतात

‘नमस्कार करताना बोटांची टोकं एकमेकांवर दाबली जातात, त्यामुळे डोळे, कान आणि मेंदूचे प्रेशर पॉइंट जागे होतात व समोरचा माणूस कायमचा लक्षात राहतो.’ हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. बोटांच्या टोकांतल्या नसा दंडातून मज्जारज्जूत आणि तिथून मेंदूत जातात. डोळ्याची नस वेगळी, कानाची वेगळी. बोट दाबून त्यांना जागं करणारी वाट शरीरात नाही. नमस्काराला असल्या खोट्या विज्ञानाच्या टेकूची गरजही नाही, कारण अभिवादनातलं खरं विज्ञान हात जुळण्याच्या क्षणभर आधी, चेहऱ्यावर घडतं.

ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ इरेनेउस आयब्ल-आयबेसफेल्ड यांनी 1960च्या दशकापासून जगभर माणसांच्या भेटीगाठींचं चित्रण केलं. कॅमेरा दिसला की माणूस अवघडतो, म्हणून त्यांनी भिंगासमोर लोलक बसवला. कॅमेऱ्याचं तोंड समोर, चित्रण मात्र काटकोनात बाजूचं. सामोआ, बाली, पापुआ न्यू गिनी, अ‍ॅमेझॉनच्या जंगलातले यानोमामी आणि युरोपातली माणसं, सगळीकडची फिल्म संथ गतीनं पाहिल्यावर एकच क्रम दिसला. नजरानजर होते, हसू उमटतं, डोकं किंचित वर जातं, दोन्ही भुवया झटकन उचलतात आणि मग मान हलते. भुवया वर राहतात जेमतेम 1/6 सेकंद.

हे काम करणारा फ्रंटॅलिस हा स्नायू विलक्षण आहे. बहुतेक स्नायूंचं निदान एक टोक तरी हाडाला धरून असतं, याचं एकही नाही. वरचं टोक डोक्याच्या कातडीखालच्या चिवट पडद्यात, खालचं भुवईच्या कातडीत. हाड हलवायचं नसल्यानं थोड्याच जोरात भुवई वर जाते. त्याला हुकूम देणारी चेहऱ्याची नस, म्हणजे मेंदूतून निघणारी सातवी नस. तिच्या कपाळाकडच्या भागाला मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांकडून संदेश मिळतात, गालाकडच्या भागाला मुख्यतः विरुद्ध बाजूच्या अर्धगोलाकडून. म्हणून अर्धांगवायूत तोंड वाकडं झालं तरी दोन्ही भुवया बहुधा उचलता येतात. सातवी नसच सुजली, तर त्या बाजूचं कपाळही निपचित पडतं. (हा फरक डॉक्टरांनी तपासायचा, घरी निदान करत बसू नये.)

स्नायू सगळ्यांचा तोच, पण तो कधी वापरायचा हे समाज ठरवतो. जपानमध्ये मोठ्या माणसांनी एकमेकांना अशा भुवया उचलणं अशिष्ट मानलं गेलं. लहान मुलांशी मात्र चालतं. सामोआत भुवया उचलणं म्हणजे ‘हो’. ग्रीसमध्ये भुवयांसोबत मान मागे गेली की ‘नाही’. रिसस माकडांत भुवया उचलून रोखून पाहणं ही धमकी असते. हातांचे आणि कमरेचे रिवाज तर त्याहून निराळे. जपानी वाकण्यात साधारण 15, 30 आणि 45 अंश अशा पायऱ्या शिकवतात. पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकायचं, नुसती मान झुकवणं ही नवख्याची चूक. थायलंडच्या ‘वाई’त हात जोडतात आपल्यासारखेच, पण बोटांची टोकं समवयस्कापुढे हनुवटीजवळ, वडीलधाऱ्यांपुढे नाकापाशी आणि भिक्खूंपुढे भुवयांच्या वर नेतात. न्यूझीलंडचे माओरी ‘होंगी’त नाक आणि कपाळ टेकवून श्वास वाटून घेतात.

भुवया पाहायच्या असतील तर घरातला लग्नाचा व्हिडिओ काढा आणि मंडपाच्या दारातलं स्वागत एकेक चौकट (फ्रेम) पुढे सरकवत बघा. सेकंदाला 30 चौकटी असतील तर भुवया सुमारे 5 चौकटी वर दिसतील, मोबाइलच्या 240 चौकटींच्या स्लो मोशनमध्ये सुमारे 40. ओळखीचे पाहुणे निवडा, परक्यांच्या बाबतीत हात जुळले तरी भुवया बहुधा हलत नाहीत. बरंच जास्त वेळ वर राहिलेल्या भुवया मोजू नका, ते आश्चर्य असू शकतं किंवा मुद्दाम केलेला आविर्भाव. जाड कडांचा चष्मा आणि कपाळावर ओढलेला फेटा असेल तर काहीच दिसणार नाही.