दोन केबल, एकच चर

२०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला तेव्हा कोल्हापूरकरांना कळलं की शहरात यायला चार रस्ते असले तरी पंचगंगा चढली की सगळे एकदमच बंद होतात. फोनच्या नेटवर्कचं पण हेच. आपण इथून ११२ हा आपत्कालीन नंबर लावला की कॉल आधी नवी मुंबईच्या सेंटरला जातो (दुसरं सेंटर नागपूरला आहे) आणि तिथून निरोप परत आपल्या जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला येतो, म्हणजे मधली वाट तुटली की संपलं.

अमेरिकेत ९११ साठी, म्हणजे तिकडच्या ११२ साठी, ही वाट तपासायचे सरकारी नियमच आहेत. जून २०१२ मध्ये तिकडं मोठं वादळ झालं, वीज गेली, एक्स्चेंजमधले जनरेटर ऐनवेळी चालूच झाले नाहीत, बॅटऱ्या उतरल्या आणि ९११ ची ७७ कॉल सेंटर कमीजास्त प्रमाणात तुटली. मग २०१३ मध्ये एफसीसीनं म्हणजे तिकडच्या दूरसंचार नियामकानं कंपन्यांना सांगितलं की दरवर्षी लिहून द्या, तुमच्या दोन लाइन खरंच वेगवेगळ्या वाटेनं जातात का. कागदावर दोन केबल असतात हो, पण दोन्ही एकाच चरातून नेल्या असतील तर एक जेसीबी पुरतो! पॉवर बॅकअपचं पण तसंच, साध्या एक्स्चेंजला २४ तास आणि ९११ चे कॉल वाटणाऱ्या मुख्य एक्स्चेंजला ७२ तास. आपल्याकडं जनरेटर तळघरात ठेवलेला असेल तर पुरात ७२ तासांचं डिझेल घेऊन काय करायचं ते सांगा.

आता तिकडं नवीन पिढीचं ९११ येतंय, त्यात कॉल इंटरनेटच्या पद्धतीनं डेटा म्हणून जातो, सोबत लोकेशन, मेसेज, फोटोसुद्धा. चांगलंच आहे, पण पूर्वी बिघाड गावापुरता असायचा, आता अनेक राज्यांचे कॉल मोजक्या कॉम्प्युटरवरून जातात. एप्रिल २०१४ मध्ये कोलोराडोतल्या अशाच एका सेंटरमध्ये प्रत्येक कॉलला नंबर देणारा काउंटर ४ कोटींच्या ठरवलेल्या मर्यादेला पोचला आणि पुढं नंबर देईनाच, आता बोला! ७ राज्यांतले ६,६०० हून जास्त कॉल लागलेच नाहीत, दुसरं सेंटर मायामीत धडधाकट चालू होतं पण कॉल आपोआप तिकडं वळले नाहीत, कारण अलार्म किरकोळ म्हणून नोंदला गेला होता. सगळं सुरळीत व्हायला सहा तास गेले.

म्हणून मार्च २०२५ मध्ये एफसीसीनं या नव्या नेटवर्कसाठी नियमांचा प्रस्ताव मांडला, त्यात भरवशासोबत दुसरी अट अशी की एका राज्याचं नेटवर्क दुसऱ्याशी जुळलं पाहिजे. हे आपल्याला पटकन कळेल, कारण कागलच्या पुढं गेलं की मोबाइल कर्नाटकचा टॉवर पकडतो. नुसता टॉवर बघून कॉल पाठवला तर तो पलीकडच्या राज्यात जाऊ शकतो. माणूस उभा आहे त्या जागेवरून कॉल वळवला तर हा घोळ टळतो, आणि तरी चुकून गेलाच तर तिथल्या ऑपरेटरला तो लोकेशनसकट इकडं ढकलता आला पाहिजे, नाहीतर जखमी माणसाला पत्ता पुन्हा पहिल्यापासून सांगत बसावं लागतं.