एफ७ वरचा घोडा आणि 'फोटोग्राफिक मेमरी'

नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बटुमीला बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकला तेव्हापासून आमच्या ग्रुपवर एकच, या पोरांची मेमरी फोटोग्राफिक असते म्हणे. नसते हो.

आधी माझी फजिती ऐका. रविवारची साधी रॅपिड स्पर्धा, समोर चौथीतला पोरगा, मी काळ्याने. इटालियन ओपनिंग (डाव सुरू करायची एक ठरलेली पद्धत), त्याचा उंट सी४ वर (सी४, एफ७ ही पटावरच्या घरांची नावं), माझे दोन्ही घोडे बाहेर, तेवढ्यात त्याचा घोडा टुणकन जी५ वर. आता एफ७ च्या प्याद्यावर दोघांचा डोळा. मी प्यादं डी५ वर ढकललं, त्याने प्याद्याने मारलं, मी घोड्याने परत मारलं आणि तिथेच मेलो. घोडा थेट एफ७ वर, वजीर-हत्ती दोन्ही धोक्यात म्हणून राजाने तो खाल्ला, मग वजीर एफ३ वरून शह, आणि डी५ चा घोडा वाचवायला राजा ई६ वर, पटाच्या मधोमध, उघडा! पोराने अजून एक मिनिटही खर्च केलं नव्हतं.

हे पुढच्या सगळ्या चाली मोजून होत नाही. डावाच्या सुरुवातीच्या, दोघांच्या दोन-दोन चालींतच १,९७,२८१ शक्यता होतात. मग?

विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी १९७३ मध्ये खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवून झाकला. मास्टरने, म्हणजे मुरलेल्या खेळाडूने, साधारण १६ मोहरे बरोबर मांडले, नवशिक्याने चार. पण मोहरे वाटेल तसे विखरून ठेवले की मास्टरही नवशिक्याच्या लायनीत! डोक्यात फोटो निघत असता तर विखुरलेलाही निघाला असता ना. आठवतात ते गठ्ठे. किल्लेकोट केलेला (हत्तीच्या आडोशाला कोपऱ्याकडे नेलेला) राजा, पुढची तीन प्यादी, शेजारचा हत्ती हे मास्टरला पाच नाही, एकच वस्तू. एसटीवरचं 'स्वारगेट' आपण अक्षर-अक्षर वाचत नाही, पण 'टगेरस्वा' लिहा, अडखळाल. डोक्यातले कप्पे तुमचे-माझे तेवढेच, मास्टरच्या एकेका कप्प्यात जास्त मावतं. (पुढे १९९६ मध्ये कळलं की विखुरलेल्या पटावरही मास्टर किंचित सरस असतात, कारण चुकून छोटे गठ्ठे तिथेही बनतात.) आणि गठ्ठ्याला चाल चिकटलेली असते, तो दिसला की ती सुचते.

त्यामुळे डोळ्यांवर पट्टी बांधून 'मिडब्रेन' उघडणाऱ्या क्लासचे पैसे वाचवा, त्यात पोराला पाचशे डाव खेळवा.

माझं म्हणाल तर प्याद्याला न मारता घोडा ए५ वर नेऊन उंटाला हुसकायचं असतं, हे मी वाचलेलं होतं. आठवलं परतीच्या लोकलमध्ये.