यकृतविकार आणि ड जीवनसत्त्व

दीर्घकालीन यकृतविकार असलेल्या बहुतेक रुग्णांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी आढळते. आजार जितका बळावलेला, तितकी ही घट मोठी. यकृत बिघडल्यामुळे जीवनसत्त्व घटते, की ते घटल्यामुळे यकृत आणखी बिघडते, हा या विषयातला मध्यवर्ती प्रश्न आहे. त्यातली पहिली बाजू भक्कम पुराव्यावर उभी आहे. दुसरीसाठी प्रयोगशाळेत आधार सापडतो, पण रुग्णांवरील चाचण्यांतून ती सिद्ध झालेली नाही.

उन्हातील अतिनील-ब किरणांमुळे त्वचेत ड जीवनसत्त्वाचे ड३ हे रूप तयार होते, पण ते स्वतः जवळजवळ निष्क्रिय असते. यकृतात त्याचे २५-हायड्रॉक्सी ड होते आणि मूत्रपिंडात त्यापासून कॅल्सिट्रायॉल हे क्रियाशील संप्रेरक बनते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात हेक्टर डेलुका यांच्या गटाने १९६८ मध्ये २५-हायड्रॉक्सी ड ओळखले आणि पुढच्याच वर्षी हे रूपांतर यकृतात होते हे उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. रक्ततपासणीत मोजले जाते ते हेच मधले रूप, कारण ते रक्तात दोन-तीन आठवडे टिकते, तर कॅल्सिट्रायॉल काही तासांतच नाहीसे होते.

यकृत खराब झाले म्हणजे हे रूपांतर थांबले, असा सरळ निष्कर्ष अनेकदा काढला जातो. तो अपुरा आहे. या कामासाठी यकृताकडे मोठी राखीव क्षमता असते आणि सिरोसिस (यकृतात कायमचे व्रण पडून ते कठीण होण्याचा आजार) बराच पुढे जाईपर्यंत ती पुरते. घटीची इतर कारणे अधिक वजनदार आहेत : आजारपणामुळे घरातच राहणे, भूक मंदावणे, आणि पित्ताची कमतरता. ड जीवनसत्त्व मेदात विरघळणारे असल्याने आतड्यातून शोषले जाण्यासाठी पित्त लागते. म्हणून पित्तनलिकांच्या आजारांत तोंडाने घेतलेल्या गोळीचाही पुरेसा उपयोग होत नाही. जन्मतः पित्तनलिका बंद असलेल्या बाळांना मुडदूस होऊ शकतो. त्यांना नेहमीच्या मात्रेपेक्षा पुष्कळ जास्त, किंवा पाण्यात मिसळणाऱ्या स्वरूपात जीवनसत्त्व द्यावे लागते.

आणखी एक गोष्ट अहवाल वाचताना हमखास विसरली जाते. रक्तातले बहुतेक ड जीवनसत्त्व एका वाहक प्रथिनाला आणि अल्ब्युमिनला चिकटलेले असते, आणि ही दोन्ही प्रथिने यकृतच बनवते. सिरोसिसमध्ये ती घटतात, त्यामुळे एकूण आकडा खाली येतो. प्रत्यक्ष पेशींना उपलब्ध असलेला मुक्त अंश मात्र तेवढा घटलेला नसतो. अशा रुग्णाच्या अहवालातील १२ (दर मिलिलिटरला नॅनोग्रॅम) हा आकडा निरोगी माणसाच्या १२ इतका गंभीर असेलच असे नाही.

यकृतावरील थेट परिणामाची आशा निर्माण झाली ती ताराकृती पेशींमुळे. यकृतात तंतुमय ऊतक साठवण्याचे काम या पेशी करतात आणि त्यांच्यावर ड जीवनसत्त्वाचे ग्राही, म्हणजे त्याचा संदेश पकडणारी प्रथिने, असतात. मुख्य यकृतपेशींवर ते फार थोडे असतात. कॅलिफोर्नियातील सॉल्क संस्थेत रोनाल्ड एव्हान्स यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवले, की सोरायसिसच्या मलमात वापरले जाणारे कॅल्सिपोट्रायॉल हे ड जीवनसत्त्वासारखे द्रव्य दिल्यावर उंदरांच्या यकृतातील तंतूकरण कमी होते. हा शोध खरोखर महत्त्वाचा होता. पण माणसांत साध्या पूरक गोळ्यांनी तसे घडल्याचे दिसले नाही. फॅटी लिव्हरवरील चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. हेपॅटायटिस सी या विषाणूजन्य यकृतविकारात इंटरफेरॉन या जुन्या औषधाच्या जोडीला ड जीवनसत्त्व दिल्याने गुण येतो असे काही अभ्यासांत दिसले होते. थेट विषाणूवर काम करणारी नवी औषधे आल्यावर तो प्रश्नच मागे पडला. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ व २०२१ मधील आढाव्यांनाही ड जीवनसत्त्वामुळे मृत्यू किंवा गुंतागुंत टळते असे खात्रीने म्हणता आले नाही.

म्हणून आज हे जीवनसत्त्व द्यायचे ते यकृत बरे करण्यासाठी नव्हे, तर मुख्यतः हाडांसाठी. पित्त साचण्याच्या आजारांत अस्थिसुषिरता (हाडे विरळ व ठिसूळ होणे) वारंवार आढळते आणि यकृतरोपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, विशेषतः स्टिरॉइड सुरू असताना, हाडे झपाट्याने झिजतात. युरोपीय यकृत संघटनेच्या पोषणविषयक मार्गदर्शनानुसार पातळी दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमखाली असल्यास ती ३० च्या वर जाईपर्यंत पूरक मात्रा द्यावी.

भारतात ६०,००० युनिटची आठवड्याला एकदा घ्यायची पुडी सर्रास वापरली जाते. ठरलेल्या आठवड्यांपुरती ती योग्य असते. पण ती थांबवायची कधी हे रुग्णाला स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. जास्तीचे जीवनसत्त्व मेदात साठून राहते. पातळी १५० च्या वर गेली की रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता, गुंगी आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. सिरोसिसच्या रुग्णात ही गुंगी यकृतामुळे होणाऱ्या मेंदूविकाराची समजली जाण्याचा धोका असतो, त्यामुळे मोठी मात्रा चालू असलेल्या रुग्णाचे कॅल्शियमही तपासावे लागते.