मोशन कंट्रोलरच्या दोन अक्षरी कमांड आल्या कुठून?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात शेतीच्या पाण्यासाठी ऑइल इंजिनं बनायची. पुढे फाउंड्र्या वाढल्या आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलपर्यंत मशिन शॉप पसरली. एकाच कास्टिंगला तीच चार भोकं रोज पाडायची तर महागडा व्हीएमसी (नाना कामं करणारं संगणकी मिलिंग मशिन) कशाला अडकवायचा? तेवढ्यासाठी एसपीएम, म्हणजे त्या एकाच कामाचं खास मशिन, बांधला जातो. त्याच्या स्लाइडला, म्हणजे सरकणाऱ्या भागाला, सर्वो मोटर (सांगितल्या जागी नेमकी थांबणारी) लावली, की पॅनेलमध्ये तिला चालवणारा मोशन कंट्रोलर आलाच.

पूर्वी स्लाइड हलवायचं काम कॅम, म्हणजे ठरावीक आकाराची फिरती लोखंडी चकती, करायचा. ट्रॉबवर (कॅमवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक लेथवर) हात बसलेल्या टर्नरला सांगायला नको, जॉब बदलला की कॅम बदला. १९५२ साली अमेरिकेत एमआयटीच्या सर्वोमेकॅनिझम लॅबने कागदी पट्टीवरच्या भोकांतून आकडे वाचणारं मिलिंग मशिन चालवून दाखवलं. त्यामागची कल्पना जॉन पार्सन्स यांची, हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कामातून सुचलेली. सीएनसी मशिनला सूचना देणारा जी-कोड त्याच वाटेवर पुढे आला. पण ती कटरच्या मार्गाची भाषा. ‘क्लॅम्प लाव, स्लाइड पुढे ने, सेन्सर लागेपर्यंत थांब’ असल्या कामाला ती अंगाबाहेरची.

मायक्रोप्रोसेसर स्वस्त झाल्यावर ही अडचण सुटली. १९८३ मध्ये जेकब ताल आणि वेन बॅरन यांनी कॅलिफोर्नियात गॅलिल ही कंपनी काढली. तिच्या कंट्रोलरला साध्या मजकुरात, दोन-दोन अक्षरांत हुकूम द्यायचा: ‘पीआर’ म्हणजे आहे तिथून किती सरकायचं, ‘एसपी’ वेग, ‘बीजी’ सुरुवात, ‘एएम’ हालचाल संपेपर्यंत थांब, ‘ईएन’ प्रोग्रॅम संपला. लिहिलेला प्रोग्रॅम ‘एक्सक्यू’ने चालवायचा.

समजा, मोटर किती फिरली ते मोजणारा १००० लाइनचा एन्कोडर आहे. क्वाड्रेचरमुळे, म्हणजे प्रत्येक लाइन चारदा मोजल्यामुळे, एका फेरीला ४००० काउंट मिळतात. स्लाइड सरकवणारा बॉलस्क्रू ५ मिमी पिचचा (एका फेरीत ५ मिमी) आणि मोटरला थेट जोडलेला असेल, तर १० मिमीसाठी ‘पीआर ८०००’ आणि सेकंदाला २० मिमी वेगासाठी ‘एसपी १६०००’.

नवा माणूस फसतो तो ‘एएम’पाशी. एन्कोडर वाचून मोटर सावरण्याचं काम कंट्रोलर साधारण दर मिलिसेकंदाला करतो, आणि प्रोग्रॅमच्या ओळी वाचणं हे त्याचं वेगळं काम. ‘बीजी’ दिल्यावर स्लाइड निघते, पण प्रोग्रॅम तिच्यासाठी थांबत नाही. मध्ये ‘एएम’ नसेल तर स्लाइड पोचायच्या आत पुढची ओळ क्लॅम्प सोडून मोकळी होते. मला विचाराल तर शिकवताना वेग-प्रवेगाच्या आधी हे सांगावं.

कॅमही पुरता गेला नाही बरं का! याच कंट्रोलरांत ‘इलेक्ट्रॉनिक कॅम’ आहे, फक्त लोखंडाऐवजी आकड्यांचं टेबल. २००१ मध्ये पीएलसीओपन या संघटनेने मोशनचे ठरावीक फंक्शन ब्लॉक (तयार प्रोग्रॅमचे तुकडे) आणले, त्यामुळे पीएलसीवाल्यांना, म्हणजे मशिनचा क्रम सांभाळणारा कंट्रोलर वापरणाऱ्यांना, दोन अक्षरी कमांड पाठ करायची गरज उरली नाही. त्या ब्लॉकवर ‘डन’ नावाचं, काम पुरं झाल्याचं सांगणारं आउटपुट असतं. लॅडरमध्ये (पीएलसीच्या प्रोग्रॅममध्ये) त्याची वाट न पाहता पुढची पायरी घेतली, तर क्लॅम्प तिथेही वेळेआधीच सुटतो.