एएफएसमधील टेप बॅकअप

अँड्र्यू फाइल सिस्टम, म्हणजेच एएफएस, ही अनेक सर्व्हरांवर विखुरलेल्या फाइली वापरणाऱ्याला एकाच झाडासारख्या दाखवणारी प्रणाली. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात आयबीएमच्या साथीने ती घडली. पुढे ट्रान्सआर्क कंपनीने ती बाजारात आणली आणि २००० साली आयबीएमने तिचा सोर्स कोड खुला केल्यावर ओपनएएफएस प्रकल्प सुरू झाला. टेपवर बॅकअप घेणारी स्वतःची यंत्रणा तिच्यासोबतच मिळते.

या यंत्रणेत हिशेब फाइलींचा नसतो, व्हॉल्यूमचा, म्हणजे एकत्र हाताळल्या जाणाऱ्या फाइलींच्या गठ्ठ्याचा असतो. एका वापरकर्त्याची होम डिरेक्टरी म्हणजे साधारणपणे एक व्हॉल्यूम. फाइली एकत्र बांधणाऱ्या साध्या ‘टार’ आज्ञेने प्रत काढली तर मजकूर वाचतो, पण एएफएसच्या परवानग्यांच्या याद्या आणि माउंट पॉइंट (झाडात व्हॉल्यूम जिथे जोडलेले असतात त्या जागा) हातचे जातात, म्हणून व्हॉल्यूमचाच डंप, म्हणजे टेपवर उतरवायची प्रत, घ्यावी लागते. डंप चालू असताना मूळ व्हॉल्यूम अडकून पडतो. त्यावर उपाय असा की आधी त्याचा क्लोन काढायचा आणि टेपवर तो उतरवायचा. क्लोनच्या नावाला ‘.बॅकअप’ हे शेपूट असते. न बदललेला मजकूर तो मूळ व्हॉल्यूमशी वाटून घेतो, त्यामुळे सुरुवातीला जागा फारशी खात नाही. हेच क्लोन ‘ओल्डफाइल्स’ नावाने होम डिरेक्टरीत माउंट करून ठेवायची पद्धत आहे. काल चुकून उडवलेली फाइल वापरणारा तिथून स्वतःच उचलतो आणि टेप कपाटातच राहते. प्रशासकाचा भार हलका करणारी याहून स्वस्त युक्ती या प्रणालीत दुसरी नाही.

कोणते व्हॉल्यूम एकत्र घ्यायचे हे व्हॉल्यूम सेट ठरवतो आणि कधी किती घ्यायचे हे डंप लेव्हल. लेव्हल डिरेक्टरीच्या वाटेसारख्या लिहितात. ‘/रवि’ हा पूर्ण डंप, ‘/रवि/सोम’ म्हणजे रविवारनंतर बदललेले तेवढे. खरा निर्णय पुढे आहे. मंगळवार ‘/रवि/मंगळ’ असा लावला तर रोजचा डंप फुगत जातो, पण परत आणताना दोनच डंप पुरतात. ‘/रवि/सोम/मंगळ’ अशी साखळी केली तर रोजची टेप कमी लागते. मात्र शुक्रवारचा डंप परत आणायचा तर रविवारपासूनची प्रत्येक कडी शाबूत हवी. जिथे एखादी टेप दगा देऊ शकते तिथे पहिली पद्धत बरी.

टेपयंत्र ज्या मशीनला जोडलेले असते तिथे ‘बीयूटीसी’ हा टेप कोऑर्डिनेटर चालतो. त्याची खिडकी उघडी ठेवावी लागते: हवी असलेली टेप लावा आणि रिटर्न दाबा, असे तो तिथेच सांगतो. कुणी दाबेपर्यंत काम थांबते. रात्री माणूस नसेल तर पहिली विचारणा बंद करता येते. मग टेप आधीच यंत्रात असावी लागते. नावेही तपासली जातात. व्हॉल्यूम सेट, लेव्हल आणि क्रमांक मिळून बनलेल्या नावाऐवजी लेबलवर दुसरेच नाव असेल, किंवा टेपची मुदत संपलेली नसेल, तर लिहिणे नाकारले जाते. ही तपासणी कटकटीची वाटून बंद करणारे असतात. पुढे एखाद्या पूर्ण डंपवर भलताच डंप चढतो.

‘टेपकॉन्फिग’ फाइलीत प्रत्येक यंत्रासाठी चार गोष्टी लिहितात: टेपची क्षमता, फाइलमार्कचा (टेपवर दोन भागांमधल्या खुणेचा) आकार, यंत्राचे नाव आणि पोर्ट ऑफसेट, म्हणजे त्या यंत्राच्या कोऑर्डिनेटरचा ओळखक्रमांक. पहिल्या दोन ‘एफएमएस’ आज्ञेने मोजता येतात, मात्र मोजताना टेपवरचे सगळे पुसले जाते, तेव्हा कोरी टेपच द्यावी. क्षमता खऱ्यापेक्षा १० ते १५ टक्के कमी लिहिलेली चांगली.

कुठला डंप कुठल्या टेपवर, हे बॅकअप डेटाबेसला ठाऊक असते. टेपवर नव्याने लिहिले की आधीच्या डंपची नोंद तिथून पुसली जाते. तो डंप तीन टेपांवर पसरलेला असला तरी. डेटाबेसचाही वेगळ्या टेपवर बॅकअप घ्यावा लागतो. त्यासाठीची आज्ञा ‘सेव्हडीबी’. तो आधी घेतलेला नसेल तर ‘स्कॅनटेप’ने टेप वाचून नोंदी पुन्हा भरता येतात, एकेक टेप यंत्रात घालत.