कोंडा नेमका कोणामुळे? दीडशे वर्षांची भानगड

कोंड्याचं खापर बुरशीवर फुटायला सुरुवात झाली १८७४ मधे, जेव्हा लुई-शार्ल मालासे या फ्रेंच संशोधकाला कोंड्याच्या पापुद्र्यांत यीस्टच्या, म्हणजे एकपेशीय बुरशीच्या, पेशी दिसल्या. १८८९ मधे या बुरशीला त्यांच्याच नावावरून मालासेझिया म्हणायला लागले, पण अडचण अशी की ती कोंडा नसलेल्यांच्या टाळूवरही मजेत राहते, मग दोषी ठरवायचं कसं? त्यात लॅबमधे वाढवायची तर तिला बाहेरून स्निग्ध पदार्थ द्यावे लागतात, साध्या माध्यमात ती बहुतेक वाढतच नाही, त्यामुळे अभ्यास रखडत गेला.

१९७० च्या दशकात तर बुरशी जवळपास निर्दोष सुटली होती. लेडन, मॅकगिनली आणि क्लिगमन या अमेरिकन मंडळींनी १९७६ मधे मांडलं की टाळूच्या पेशी जास्त वेगाने तयार होऊन झडतात हाच मूळ प्रॉब्लेम, बुरशी नुसती त्या पापुद्र्यांवर पोसली जाते. लॉजिक वाईट नव्हतं. पण मग किटोकोनॅझोल आलं, जे मुळात बुरशीविरोधी औषध, आणि त्याने कोंडा कमी व्हायला लागला! १९८४ मधे ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञ सॅम शुस्टर यांनी ठामपणे लिहिलं की कोंड्यावर चालणारी औषधं बुरशी मारतात म्हणूनच चालतात, आणि केस परत उघडली.

खरी गंमत पुढे आहे. १९९६ मधे या बुरशीच्या सात प्रजाती मान्य झाल्या, त्यातल्या ग्लोबोसा आणि रेस्ट्रिक्टा या दोघी टाळूवर मुख्य. २००७ मधे ग्लोबोसाचा जीनोम, म्हणजे तिची सगळी जनुकीय माहिती, वाचला तर कळलं की फॅटी अ‍ॅसिड बनवायचं जनुकच तिच्याकडे नाही! म्हणजे ती आपल्या सीबमवर (त्वचेतून पाझरणाऱ्या तेलावर) जगते, लायपेज एन्झाइमने ते फोडते, त्यातली सॅच्युरेटेड फॅटी अ‍ॅसिड खाते आणि ओलिइक अ‍ॅसिडसारखा उरलेला माल टाळूवरच सोडून देते. हेच ओलिइक अ‍ॅसिड मुद्दाम लावून बघितलं तेव्हा कोंड्याचा त्रास असणाऱ्यांच्या त्वचेचे पापुद्रे सुटायला लागले आणि बाकीच्यांना काहीच झालं नाही. मला तरी हा प्रयोग सगळ्यात पटतो, कारण सगळ्यांच्या डोक्यात बुरशी असून कोंडा काहींनाच का, याचं निम्मं उत्तर त्यात आहे.

उरलेलं निम्मं बॅक्टेरियात शोधणं चालू आहे. कोंडा असलेल्या टाळूवर क्युटिबॅक्टेरियम कमी आणि स्टॅफिलोकॉकस जास्त, असं २०१० नंतरच्या अभ्यासांत दिसलंय, आता यात कारण कुठलं आणि परिणाम कुठला यावर अजून वाद आहेच.